शेऱ्याचा रकाना

मुर्तझाभाईने प्रोसेसर कागदात गुंडाळून दिला
सुपारीची पुडी बांधावी तसा.
म्हणाला, जुना आहे बेटा, पण याला कुलूप नाही.
वाढवायचा तर वाढव. सावकाश.
लॅमिंग्टन रोडवर ऑक्टोबरचे साडेबारा,
माझ्या डोक्यात एकच हिशोब:
एका हळदीचा व्हिडिओ शिजायला अकरा तास,
स्टुडिओवाल्याला हवा आठात.

घर वाशीनाक्याला, इमारत चोवीस, चौथा मजला.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
पाहुणे विचारतात, आग लागली का?
आम्ही म्हणतो, नाही, ती रोजचीच.

आधी धूळ काढली, दाढीच्या ब्रशने,
बाबांच्या, न विचारता.
पात्यांवर तीन वर्षांची काळी साय.
मग पेस्ट, मटाराएवढी.
पोळीवरचं तूप नव्हे ते.
कूलरचे स्क्रू तिरके समोरासमोर, थोडे थोडे पिळत.

बाबा मागे उभे.
काय करतेस?
वेग वाढवतेय.
कोण म्हणालं वाढवायला?
कुणीच नाही.
ते आत गेले आणि वही घेऊन आले.
बॉयलरची. कंपनी बंद पडली तेव्हा
कोऱ्या उरलेल्या तीन वह्या त्यांनी घरी आणल्या,
एकोणतीस वर्षांतली एवढीच काय ती चोरी.
रकाने छापलेले: वेळ, दाब, पाणी, तापमान, शेरा, सही.
दाब खोडून मी व्होल्टेज लिहिलं,
पाणी खोडून वेग.

एक घर वर. शंभर मेगाहर्ट्झ.
व्होल्टेजला हात नाही अजून.
वीस मिनिटं त्याला नुसतं राबवायचं
आणि आकड्याकडे बघत बसायचं.
बाबा चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचत,
मी लिहीत. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर.
पुन्हा एक घर.
चार-पाचला पडदा निळा.
गेलं?
नाही, दमलं.
व्होल्टेज चिमूटभर वाढवलं, उठलं.
चार-सहाला पडदा काळा.
पंखे फिरतायत, बाकी काही नाही,
माझे सव्वाअकरा हजार त्या काळ्यात.

याची वाफ कुठून सोडायची? बाबांनी विचारलं.
मी वायर काढली, बटणाएवढी बॅटरी काढली.
पाच मिनिटं दोघं गप्प.
सगळं विसरून ते कारखान्यातून निघालं होतं
त्या वेगावर परत उभं राहिलं.
विसरता येतं याला, बाबा म्हणाले. बरंय.

मग डावी बाही दुमडली त्यांनी.
कोपरापासून मनगटापर्यंतचा तो गुळगुळीत पट्टा
मी लहानपणापासून बघतेय,
विचारला कधीच नव्हता.
अर्जंट ऑर्डर होती. साहेब म्हणाले, जरा रेटा.
काटा लाल रेषेच्या पुढे नव्हता गं. रेषेवर होता.
आणि वहीत?
वहीत रोजचाच आकडा. सही माझी.

चार-पाच तासभर टिकलं.
मी खुर्चीतून उठून हात वर केले,
तर म्हणाले, तास कसला,
पाळी काढू दे पुरी. रात्रपाळी.
पहाटे तीन-दहाला कोलमडलं.

अजून चिमूटभर देऊन बघू?
मे यायचाय अजून, बाबा म्हणाले.
छताचा पंखा गरम हवा ढवळत होता,
मी चार-चारवर आले.

अकरा तासांचे सव्वानऊ.
आठ नाहीत. स्टुडिओवाल्याला तसं सांगेन.
हेही वहीत लिहावं असं वाटलं,
पण डोळे मिटत होते. तिथेच चटईवर पडले.

सकाळी वही उघडी होती.
अक्षर बाबांचं, उजवीकडे कललेलं:
चार वाजता अठ्ठ्याहत्तर.
साडेचार, अठ्ठ्याहत्तर.
पाच, सत्त्याहत्तर, खिडकी उघडली.
शेरा: मागचा पंखा कुरकुरतो.
तेल घालू नये, बदलावा.
आणि सही,
पूर्ण नावाची, आडनावासकट.