पाळीचं पाणी

मौद्याकडच्या मायनरच्या टेलावर
सयत्रा ठवकर बांधीत उकिडवी बसलेली,
भोकं पाडलेल्या पाइपात बोट घालून
पाणी मोजत.
परवा दोन पेरं. आज नखही ओलं नाही.

"रातीबी तहान लागते आता धानाले," ती म्हणाली.
"आंधी रात थंडी राहत जाय,
झोपत जाय बिचारं."

माझ्या वहीत पाळी बारा दिवसांनी,
कधीकाळच्या उन्हावर आखलेली.
धान निसवतंय,
ऑक्टोबर पाठीवर तवा ठेवून उभा,
आणि गेटची किल्ली आहे माझ्याकडे,
हुकूम नाही.

रात्री अकराला दोन आटे फिरवले.
बेडूक गप्प होते,
मग नव्हते.

सकाळी रकान्यात लिहिलं:
गळती.