समासातली पेन्सिल

कुताइसीला त्या हिवाळ्यात वीज येई ती
पाहुण्यासारखी, न सांगता,
आणि चहाला न थांबता जाई.
लामारानं, सगळ्यांच्या देइदानं, म्हणजे मावशीनं,
सूक्ष्मदर्शकाचा जुना आरसा खिडकीकडे वळवला.
रिओनीवरून जेवढा उजेड येईल
तेवढाच आमचा कामाचा दिवस.

टेबलावर अ‍ॅटलास. पाठ उसवलेला,
चित्रांतला गुलाबी विटून
डाळिंबाच्या वाळक्या सालीवर आलेला.
"रंगावर जाऊ नकोस, काठ बघ," ती म्हणायची,
"केंद्रकाचा काठ.
धड पेशीला आपलं अंगण कुठवर, ते ठाऊक असतं."

चित्र एकशे बारा, एकशे तेरा. समोरासमोर.
एकात कर्करोग,
दुसऱ्यात भरून येणारी साधी जखम.
तीन आठवडे माझी गल्लत होत राहिली,
जुळ्यांची होते तशी.
दोन्हींत केंद्रकं फुगलेली, केंद्रिका ठळक,
रात्री दार वाजल्यावर उघडलेले डोळे.
बरं होणं इतकं आजारासारखं दिसतं
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

चित्राखाली छापलंय: स्त्री, वय ४७, चारशे पट.
बस.
पुढे तिचं काय झालं, ते पुस्तकाला विचारायचं नाही.
पण समासात, पेन्सिलीनं, देइदाचं बारीक अक्षर:
"अशीच पाहिली. १९८१. झेस्ताफोनी,
कारखान्यात क्रेन चालवायची.
मी जखम लिहिलं. चुकले."
त्याखाली, कुठल्यातरी दुसऱ्या वर्षाच्या टोकानं:
"तिच्या मुलीचं लग्न. मला बोलावणं.
गेले नाही."

आजची काच अडतीस नंबरची.
एका कडेला सात-आठ पेशींचा घोळका,
काहीतरी कुजबुजत असल्यासारखा.
देइदानं पाहिलं. मग खुर्ची सोडली, मला बसवलं.
"तू सांग."
मी म्हटलं, एकशे तेरा.
डोळ्यांनी म्हटलं की मनानं, मला कळलं नाही.
ती काही बोलली नाही.
काचेवर, घोळक्याशेजारी, शाईचा एक ठिपका दिला.
"सकाळी. धुतलेल्या उजेडात."

अडतीस नंबर खाली फाटकाशी उभी,
पिशवीत अक्रोड, डोक्याला घट्ट रुमाल.
उद्या या, म्हणाले.
"सापडले का मी तुमच्या पुस्तकात?"
तिनं विचारलं,
आणि मी तोंड उघडायच्या आत
माझ्या एप्रनच्या खिशात मूठभर अक्रोड कोंबत म्हणाली,
दातानं नको फोडू,
दगड घे.