अर्धं सूत

इतवारीत मे महिन्यात दुपारी दोनला
सावलीसुद्धा शटर ओढून घेते.
मोइझभाईंनी अर्धंच उचललं. मी वाकून आत गेले.
ती भिंतीला टेकून उभी होती,
पाच फुटी, राखाडी, एका पायाला गंज,
बदलीचा कागद हातात घेतलेल्या बाईसारखी.

"काच, माउंटबोर्ड, एमडीएफ, सगळं कापते," ते म्हणाले,
"माणूस सोडून."
हा विनोद त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकांनाही सांगितला असणार.
मी हसले. पंचेचाळीस हजार मागत होते.

बावीस वर्षं मी टेबलावर वाकून कापते आहे.
स्टीलची पट्टी, पट्टीवर डावा पंजा,
पंजावर अख्खं अंग.
डाव्या तर्जनीचं टोक थोडं आखूड आहे,
ते नंदनवनच्या दुकानात
कुणाच्या तरी पदवीदान फोटोच्या माउंटमध्ये गेलं.
फोटो वेळेवर दिला.
आता कंबरच म्हणते, उभी राहा बाई,
आणि कंबरेशी वाद घालून कोण जिंकलंय.

पिशवीतून माझाच बोर्ड काढला.
विकणाऱ्याच्या बोर्डावर पारख करू नये,
हे मला एका सेकंडहँड कूलरने शिकवलं.
मूठ धरली, खाली ओढली:
झर्रर्र.
वरपासून खालपर्यंत एकच वाक्य, स्वल्पविराम नाही.

मग एक तुकडा उलटवून दुसऱ्याशेजारी उभा केला.
कोपरा खरा असेल तर दोघं मिटून जातात.
खोटा असेल तर चूक दुप्पट होऊन दिसते.

दिसली.
वरच्या टोकाशी उजेडाची बारीक पाचर.
"अर्धं सूत," मी म्हटलं.
"पाव," ते म्हणाले. "उलटवलं म्हणून अर्धं."
बरोबर होतं.

"पस्तीस."
"ताई, जर्मन लोखंड आहे."
"गंज तर नागपुरीच आहे जी."

ते हिशेबाची वही शोधायला आत गेले
आणि मी मागे डोकावले.
चार बोल्ट. खालचा डावा जास्त आवळलेला,
सांगाडा पिळलेला, जरासाच,
ओल्या पंच्याच्या टोकाएवढा.
चौदा नंबरचा पाना, अर्धा वेढा,
कोपरा जागेवर आला असता.
पाना माझ्या पिशवीतच होता.

ते परत आले. चष्मा गळ्यात लटकत होता.
मोतीबिंदूची तारीख मिळाली होती त्यांना, सतरा जून.
मी पुन्हा ती फट दाखवली.
छत्तीसवर तुटलं.

निघताना त्यांनी अकरा फ्रेमा बाहेर आणल्या.
वर्षानुवर्षं कुणी न नेलेले फोटो.
रेडिओ मांडीवर घेतलेला एक म्हातारा,
स्टुडिओच्या खोट्या धबधब्यापुढचं जोडपं,
काजळाचा ठिपका फार मोठा झालेलं एक बाळ.
"हे फुकट. तुमच्याकडे राहू द्या.
काच विकता येते, पण
माणसं भंगारात कशी देऊ?"

गिरिधर टेम्पो घेऊन आला, पाहून म्हणाला,
"वहिनी, हे काय उचलून आणता जी? शिडी आहे का फाटक?"
सक्करदऱ्याच्या सिग्नलला
लोखंड सारखं कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाजत होतं.

रात्री भिंतीला छिद्रं पाडली, ओळंबा सोडला,
बोल्ट आवळले, चारही सारखे.
पहिला कट. उलटवला. शेजारी धरला.
बल्बसमोर नेला,
कुठूनही उजेड आला नाही.

अकरा फ्रेमा रचून ठेवल्या होत्या.
वरचा म्हातारा रेडिओचं बटण धरून माझ्याकडेच बघत होता.
त्याला भिंतीकडे वळवला,
मग बाकीचेही.

शनिवारी मोइझभाईंचा फोन आला.
"बसली का नीट? सरळ कापते?"

गिऱ्हाईक दारात उभं होतं, मशीनला हात टेकलेला होता माझा.
"पाव सुताचा फरक राहिलाय," मी म्हटलं.

"राहू द्या ताई," ते म्हणाले,
"एवढा फ्रेमच्या पट्टीखाली लपतो."