उण्याची जागा

तोरावेरेला फेब्रुवारीत आकाश सुट्टीवर असतं.
तीन आठवडे घुमट मिटलेला,
त्याच्या फटीत बर्फ कडक झालेला.
म्हणून उर्वे तारा टेबलावरच पेटवते:
तापमान चार हजार तीनशे, गुरुत्व कमी,
वर वर थंड होत गेलेले छप्पन्न थर,
आणि एंटर.
पंखा घरघरतो. चहा निवेपर्यंत
पडद्यावर प्रकाश उमटतो,
काळ्या रेघांनी चिरलेला.

लोह जुळतं, टायटॅनियम जुळतं,
फक्त निओडिमियमची एक रेघ
खऱ्या ताऱ्यातल्यापेक्षा खोल जाते,
विहीर खणणाऱ्याला थांब म्हणायचं राहून गेल्यासारखी.
काउर म्हणतो, मूलद्रव्य निम्मं कर, बसेल.
बसतंच. वीस वर्षं सगळे तेच करत आलेत.
त्या ताऱ्याच्या गरिबीवर दोन प्रबंध झालेत.

तळघरात, स्कीच्या जोड्यांमागे, एंडेलच्या वह्या.
चाळीस हिवाळ्यांपूर्वी त्याने हे धातू
दिव्याच्या पोकळ नळीत पेटवले,
काचेवर उतरलेल्या रेघा भिंगाखाली मोजल्या
आणि निळ्या शाईत आकडे मांडले,
दशांशाच्या जागी स्वल्पविराम,
इथल्या शाळेत शिकवतात तसा.
ते पान सापडतं.
आकड्याआधी एक आडवी रेघ, नको इतकी लांब,
जणू पेन उचलायला तो विसरला होता:
उणे.

संगणकातल्या यादीत उणे नाही.
नाही कसं, आहे. पण ती ओळ कुणीतरी हाताने घातलेली,
एका अक्षराने डावीकडे सरकलेली;
चिन्ह दोन रकान्यांमधल्या मोकळ्या जागेत पडलं,
जिथलं कुणी वाचत नाही.
जन्मभर आपण एकमेकांचं उणं काढतो,
इथे उणं गेलं, तेच उणं पडलं.

मूळ यादीला हात लावायचा नाही, असा दंडक.
ती आपली वेगळी फाइल करते,
एकशे बारा ओळी, सगळ्या एंडेलच्या.
प्रोग्राम म्हणतो, ओळ सतरा समजली नाही.
स्वल्पविराम. ती टिंब देते.
म्हणतो, तरंगलांबी चढत्या क्रमाने नाही.
ती ओळी उंचीने उभ्या करते,
प्रार्थनेला मुलं उभी करावीत तशा.
म्हणतो, रुंदीचा रकाना रिकामा.
ते एंडेलने मोजलंच नव्हतं.
ती शून्य भरते. शून्य दिसलं की प्रोग्राम
स्वतःच्या मनाने अंदाज बांधतो.
शेजारी ती टीप लिहिते: माहीत नाही.
टिपा तो वाचत नाही.

पहाटे तीनला त्याच्या तक्रारी संपतात.
रेघ वर येते, खऱ्या रेघेत बसते,
आपल्याच बुटात पाय जावा तशी.
आणि डावीकडची सेरियमची रेघ बिघडते.
इतकी वर्षं शेजारणीच्या जाडीआड
तिचं चुकणं झाकलं होतं.

रविवारी उर्वे कागद घेऊन एल्वाच्या वृद्धाश्रमात जाते.
एंडेलला कानांनी कमी, डोळ्यांनी त्याहून.
ती त्याचं बोट धरून रेघेतून खाली नेते, वर आणते.
तारा दुप्पट श्रीमंत झाला, ओरडून सांगते.
पलीकडच्या खाटेवरून कुणी विचारतं, किती पैसे?
एंडेल खिडकीकडे तोंड करून बसतो, बराच वेळ.
मग: मी चूक किती लिहिली होती?
दहा टक्के.
पंधरा कर, तो म्हणतो.
त्या हिवाळ्यात दिवा थरथरायचा.
मला वाटायचं, थांबेल.

परतीच्या गाडीत ती मांडीवर फाइल उघडते,
एकशे बारा वेळा
दहाचे पंधरा करते.
काचेबाहेर ढग, बर्चची झाडं, पुन्हा ढग.
सेरियमचं उद्या बघू.