म्हातारीचे डोळे

या महिन्याची खेप माझी.
कोंबड्याच्या आधी उठायचं,
सहा जणांची सहा कार्डं कापुलानाच्या पदरात गाठ मारून
लुएन्हा नदीकडे चालू लागायचं.
पाणी गुडघाभर असेल तर दवाखाना चार तासांवर,
कमरेच्या वर गेलं
तर होडीवाल्याची मनधरणी.
तो वल्हं मारतामारता विचारतोच,
"दवाखान्यात कशाला?"
मी सांगते, दात.

वर्षातून दोनदा दुखतो माझा दात.
मधल्या महिन्यांत झेफेरिनोचा कान, दोमिंगासची कंबर,
कासिमिरोला तर दरवेळी नवीनच काहीतरी.
त्याला वाटत असेल,
या गावात एक माणूस धड नाही.

तसे आम्ही एकाच विहिरीचे.
पण दवाखान्याच्या बाकावर
झेफेरिनो आणि मी समोरासमोर आलो त्या दिवशी
दोघांनीही एकदमच मान फिरवली.
त्याची शेळी माझ्या मक्यात शिरली होती,
दोन वर्षांचा अबोला होता.
बऱ्याच वेळाने भिंतीकडे बघत तो म्हणाला,
"किती कणसं गेली होती तुझी?"
"राहू दे आता," मी म्हटलं.
तिथून सुरुवात.
पुढे नर्सने सांगितलं, सहा जण व्हा,
एकाने यायचं, सगळ्यांचं न्यायचं.

महिनाअखेरच्या रविवारी
गोरखचिंचेखाली सूप ठेवतो मधोमध.
ज्याची त्याने मोजायची नाही,
शेजाऱ्याने मोजायची,
उरलेल्या गोळ्या, एकेक, नखाने सरकवत.
नवऱ्याने माझे दागिनेसुद्धा
इतके निरखून मोजले नव्हते विकताना.

मागच्या रविवारी
अबिलिओची डबी दोमिंगासकडे आली.
सतरा वर्षांचा पोर, मिसरूड आत्ता कुठे फुटलेलं.
चार उरायला हव्या होत्या.
तिने मोजल्या.
सगळ्या परत गोळा करून पुन्हा मोजल्या.
एकोणीस.

"विसरलो," तो म्हणाला.

कुणी विसरत नाही.
मीही एका वर्षी महिनाभराच्या गोळ्या
चुलीच्या राखेत पुरल्या होत्या.
वाटलं, पुरलं की संपलं.
पण हे त्याला कसं सांगायचं, आणि कुणी?
झेफेरिनो शेळ्यांकडे बघत बसला.
वरून एक फळ पडलं, धप्प,
तरी कुणी दचकलं नाही.

मग आर्तिमिझा म्हातारी खाकरली.
"पोरा, मला हल्ली अंधार पडला की दिसत नाही.
शेंगदाणा कुठला नि गोळी कुठली, चाचपडत बसते.
रोज सांजेला येऊन माझी गोळी
माझ्या तळहातावर ठेवशील?
आणि येताना तुझीही आण बाबा,
एकटीच्या घशाखाली उतरत नाही."

गुरुवारी मीठ मागायला गेले तिच्याकडे.
दिवा मिणमिणत होता, काळोख दाटलेला,
आणि म्हातारी सुईत दोरा ओवत होती.
एका फटक्यात ओवला.
तेवढ्यात बाहेर सायकल वाजली.
सुई चटईखाली गेली,
हात हवेत तरंगू लागले,
"कोण? अबिलिओ का रे?"
मी मीठ घेऊन मागच्या दाराने निघाले.

आता परतीला नदी चढली आहे.
डोक्यावरच्या बोचक्यात सहा डब्या
बियाण्यासारख्या खुळखुळतात.
होडीवाला विचारतो, "काढला का दात?"
"हलतोय अजून," मी सांगते.

पुढच्या महिन्याची खेप अबिलिओची, पहिलीच.
काल विचारत होता, मी काय सांगू होडीवाल्याला?
दात, कान, कंबर, सगळं तर वापरून झालं तुमचं.
आर्तिमिझा शेंगा सोलत होती.
"सांग," म्हणाली, "म्हातारीच्या डोळ्यांचं औषध."

तो खाली बघून हसला.
म्हणजे कळलंय त्याला.
कधीपासून, ते मी विचारलं नाही.