घडी खात्यातली लाल गाठ

त्रेचाळीसच्या थंडीत सोलापुरातल्या दिव्यांना
काळ्या कागदाच्या टोप्या घातल्या होत्या.
भोंगा मात्र तसाच ओरडायचा पहाटे,
त्याला लपायला कुणी सांगितलं नव्हतं.
मी टाइमकीपर. बार्शीकडचा, गिरणीत नवा.
तेलुगू येत नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा आमच्या मागांवर पलटणीच्या चादरी निघत,
खाकी, जाड, एकसारख्या.
आणि कधी शंभरात तीन, कधी एकही नाही,
कोपऱ्यातल्या दशीला लाल सुताची गाठ,
मुगाच्या दाण्याएवढी.
साहेब म्हणाला, खूण आहे, शत्रूला कळवतंय कुणीतरी.
काय कळवतंय, ते त्यालाही सांगता येईना.
मला म्हणाला, शोध.

सहा रात्री गाठोड्यांमागे बसलो.
घडी खात्यात अंबव्वा गाजूल
डोळे मिटून चादरीवरून बोटं फिरवायची,
पाखडलेल्या ज्वारीत खडा चाचपावा तशी.
मध्येच थांबायची,
पदराच्या शिवणीतून लाल दोरा ओढायची,
गाठ मारताना एकच शब्द पुटपुटायची.
मागे साचे धडधडत होते.
मी ऐकलं : वस्ताद.

म्हणजे बाई नुसता हात, डोकं दुसऱ्याचं.
तसं लिहून दिलं मी, सुवाच्य अक्षरात.
साखर पेठेतल्या तालमीतून
नूरसाब वस्तादांना उचललं.
एकोणीस दिवसांनी सुटले तेव्हा
उजवा हात लंगोटाची गाठ मारण्यापुरताही वळेना.
त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही.
कुठून घेणार?

गाठीच्या चादरी मीच निवडल्या,
एकशे चौऱ्याहत्तर.
किल्ल्याच्या खंदकात रॉकेल ओतून जाळल्या,
घरी चिमणीपुरतं मिळत नव्हतं ते रॉकेल.
अंबव्वाचं नाव मी खोडलं.
ती माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिली,
मग मोडक्या मराठीत म्हणाली,
तुला पण कळतंय की.

कळायचं.
उद्या कोण येणार नाही, ते हजेरीचं पान उलटण्याआधी
त्याच्या नावावर बोटाला गार लागायचं.
विठोबा सुतारच्या वेळी लागलं, पट्ट्यात सापडला त्याच्या आदल्या दिवशी.
बोललो नाही.
मला कायम व्हायचं होतं.

तारवाल्या दस्तगीरची ओळख उन्हाळ्यात झाली.
सायकलच्या घंटीला त्यानं चिंधी बांधलेली.
लिफाफा बंद असतानाच मजकूर ऐकू येतो म्हणाला,
बहुतेकदा आईला हाक मारलेली असते,
ती तारेत छापत नाहीत.
मोहोळ, करमाळा, अक्कलकोट, मंगळवेढा,
गावांची नावं घेत राहिला.
थंडीपासून फार वाढल्यात म्हणाला.
किती, ते मी विचारलं नाही.
माझ्या खिशात आकडा होता.

त्याला चार भाषा यायच्या.
उगाच विचारल्यासारखं विचारलं,
वस्ताद म्हणजे तेलुगूत काय रे?
वस्ताद नाही, वस्ताडु, तो म्हणाला.
बशीतला चहा फुंकत म्हणाला,
येईल तो.
परत येईल.

नूरसाबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो.
दोन्ही वेळा आतून खोकल्याचा आवाज आला
आणि मी किराणा दुकानात वळलो.
अंबव्वाचा पत्ता लागला नाही,
कुणी म्हणे सिरसिल्ल्याला भावाकडे गेली.

एक चादर मी जाळली नव्हती.
का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.
लढाई संपून आता बावीस वर्षं झाली,
पत्र्याच्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्यांबरोबर.
अंगावर घेत नाही.
संक्रांतीनंतर एकदा उन्हात टाकतो,
बायको कपडे वाळत घालायला येण्याआधी
गाठीवर बोट ठेवतो.

गार लागत नाही.
म्हणजे अजून कुणीतरी वाटेवर आहे,
थंडीत,
आणि त्याची चादर माझ्याकडे.