दोन वाजताची कूस

उठवत नाही, आमान्सियू, नुसतं वळवते.
चादरीची टोकं माझ्या नि झुल्मिराच्या मुठीत,
एक, दोन, हं.

माकडहाडावर नाण्याएवढा लाल डाग.
बोटानं दाबला: पांढरा पडला, पुन्हा लाल.
म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

चुणी ओढून काढली.
पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी.

साउं जॉर्ज बेटावर, तळघरात,
चाळीस वर्षं तुम्ही चीजची चाकं उलटलीत.
‘एकाच अंगावर राहिलं की ओल धरतं,
वरून कळत नाही, आतून जातं,’
परवा तुम्हीच सांगितलंत
आणि माझ्याकडे संशयानं पाहिलंत.

तक्त्यावर लिहिते: डावी कूस, दोन दहा.

दिवा मालवताना दिसतं,
झोपेत तुमचा तळहात
उलटा होतो, सुलटा होतो,
जरा थांबतो,
पुढच्या फळीकडे सरकतो.